हरणांच्या शनिवारचा लाइनबॅकर

एमिल हुदाक शिकारीला जात नाही हे फर्नेस रन गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याच्या तोंडावर कुणी बोलत नसे. एखाद्याच्या घरी दुखणं असलं की आपण विषय काढत नाही, तसं.

त्याची बाजू साधी होती. तो गावच्या रस्ते खात्यात कामाला. हिवाळ्यात बर्फ ढकलायचा, उन्हाळ्यात खड्डे भरायचे, आणि बारा महिने गाड्यांखाली आलेली हरणं रस्त्यावरून उचलून ट्रकमध्ये टाकायची.

"रोज हरणंच उचलतो," तो म्हणायचा. "मग सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून, झाडावर बसून, गारठून, अजून एक उचलायला कशाला जाऊ?"

हे सगळ्यांना पटायचं. तरी लोक मान हलवायचे. पेनसिल्व्हेनियाच्या या कोपऱ्यात नाताळला चर्चमध्ये न गेलेलं चालतं, पण हरणांच्या मोसमाच्या पहिल्या दिवशी पुरुष माणूस गावात दिसला तर लोक त्याची तब्येत विचारतात.

एमिलची तब्येत चांगली होती. मान आणि डोकं एकाच मापाचं, हात लांब, चाल संथ. उजवा गुडघा सोडला तर सगळं मूळ सामान. तो गुडघा त्याने फुटबॉलला दिला होता, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या इथल्या फुटबॉलला. तरुणपणी बरीच वर्षं तो फर्नेस रन बॅरन्सकडून लाइनबॅकर खेळला. बॅरन्स म्हणजे आमच्या गावचा हौशी संघ. दिवसा कुणी प्लंबर, कुणी तुरुंगात पहारेकरी, आणि शनिवारी सगळे शिरस्त्राण घालून एकमेकांच्या अंगावर. लाइनबॅकर पहिल्या फळीच्या मागे उभा राहतो. चेंडू पोटाशी धरून कुणी फळी फोडून आला की त्याला आडवा करायचा, एवढंच काम. एमिलला ते आवडायचं. त्यात बोलावं लागत नाही. गुडघा गेल्यावर तो घरी बसला आणि त्याच्या शिरस्त्राणात रोक्सॅनने कपड्यांचे चिमटे ठेवायला सुरुवात केली.

रोक्सॅन ही त्याची बायको. त्यांची एकुलती एक मुलगी लिडिया. आणि लिडियाचं लग्न ठरलं, तेव्हा हॉल बघायचं काम एमिलने आपणहून मागून घेतलं. एवढं एकच काम त्याच्याकडे होतं.

अग्निशमन दलाचा हॉल बर्निस सांभाळते. ती फोनवर म्हणाली, "थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार? नोव्हेंबरातला शेवटचा?"

"हो."

"नक्की ना, एमिल?"

"मोकळा आहे ना?"

"मोकळाच आहे. त्या शनिवारी नेहमीच मोकळा असतो."

"मग झालं तर."

बर्निसने पुढे विचारलं नाही. तिला वाटलं, हुदाकांना लग्न छोटं करायचं असेल.

पाहुण्यांची उत्तरं यायला लागली तेव्हा रोक्सॅन स्वयंपाकघरात एकेक पाकीट फोडत होती आणि एमिल कोबीची पानं उकडत होता.

"जूडी येतेय. रॉन नाही."

"का?"

"कँपवर. पेगी येतेय, फ्रँक नाही. कँपवर. डोना आणि मुली येतायत, बाकी कँपवर."

"कसला कँप?" एमिल म्हणाला. "हरणं सोमवारी ना? शनिवारी लग्नाला येतील, रविवारी जातील."

रोक्सॅनने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"एमिल. सोमवार कधीच गेला. मोसम आता शनिवारी उघडतो. किती वर्षं झाली."

"सोमवारी शाळा बंद असतात की."

"शाळा सवयीने बंद असतात."

एमिलने गॅस बंद केला. त्याच्या आयुष्यभर तो दिवस सोमवार होता. सरकारने शनिवार केला ही गोष्ट गावात ज्याने त्याने ज्याला त्याला सांगितली होती. शिकारीला न जाणाऱ्याला कोण सांगणार?

लिडिया बालवाडीत शिकवते. त्यामुळे ती मोठ्या माणसांशीही तशीच बोलते, खाली वाकून, सावकाश.

"डॅड, आपण जरा खाली बसू या. तू काय केलंस ते तुला कळलंय?"

"कळलंय."

"काय केलंस?"

"चुकीचा शनिवार घेतला."

"आणि मग काय होणार?"

"पुरुष येणार नाहीत."

"बरोबर. मग कडं कोण करणार? मावश्या?"

एमिल खाली बसला. आमच्याकडे लग्नाचा शेवट कड्याने होतो. पाहुणे एकेक करून नवरीबरोबर नाचतात, नाच झाला की घोटभर व्हिस्की घेतात, आणि मग सगळे हातात हात अडकवून तिच्याभोवती घट्ट कडं करतात. नवऱ्याने बाहेरून ते फोडायचं आणि तिला उचलून न्यायचं. तोवर अकॉर्डियन वाजायचं थांबत नाही. स्वतःच्या लग्नात एमिलने रोक्सॅनला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या कोटाची एक बाही आतच राहिली होती. ती बाही अजून कपाटात आहे. लिडिया लहान असताना ती हातात चढवून घरभर फिरायची.

"मला कडं पाहिजे, डॅड. नीट कडं. एलियटला घाम फुटला पाहिजे. मावश्या असल्या तर तो काय करेल माहितीये? 'एक्स्क्यूज मी' म्हणेल, आणि त्या बाजूला होतील. झालं माझं लग्न."

एलियट म्हणजे नवरा मुलगा. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. फिलाडेल्फियाकडचा, सडपातळ, फार सभ्य. दार ढकलताना दाराचीही माफी मागेल असा.

"मी बघतो," एमिल म्हणाला.

"तू नको बघूस," रोक्सॅन म्हणाली.

यानंतर एमिल केस कापायला गेला.

आमच्याकडे केस लू पाल्मिएरी कापतो, आणि बॅरन्सचा कोचही तोच. लूने एमिलच्या गळ्याभोवती कापड बांधलं, खुर्ची वर घेतली, आणि कात्री न उचलता आरशात बघत राहिला.

"एमिल, तू शिकारीला जात नाहीस ना?"

"लू, तू मला शाळेपासून ओळखतोस."

"आता कोच म्हणून विचारतोय."

"नाही जात."

"या शनिवारी पण नाही?"

"या शनिवारी माझ्या मुलीचं लग्न आहे."

"किती वाजता?"

एमिलने मान वळवायचा प्रयत्न केला. लूने ती धरून सरळ केली.

बॅरन्स त्या वर्षी, कसे कुणास ठाऊक, अंतिम सामन्यात पोचले होते. आणि लीगच्या अध्यक्षाने सामना ठेवला होता त्याच शनिवारी दुपारी. अध्यक्ष शेजारच्या ओहायो राज्यातला. ओहायोत हरणांचा मोसम अजून सोमवारीच उघडतो.

"म्हणजे ओहायोत मी बरोबर होतो," एमिल म्हणाला.

"ओहायोत कुणीही बरोबर असतो. त्यांचा पोर्ट एलमचा संघ अख्खा येणार. माझे दोन लाइनबॅकर, ते श्राम भाऊ, कँपवर. मी म्हटलं, अरे, फायनल आहे. त्यातला कर्ट म्हणाला, फायनल पुढच्या वर्षी पण येईल. मी म्हटलं, हरणं पण येतील. म्हणाला, येतील, पण तेच हरीण नाही येणार."

"बरोबर आहे त्याचं."

"तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"मग उरलं कोण?"

"टेव्हिन. एकटा. पोरगा चांगला आहे, पण एकटा आहे. मला बचावात खोली पाहिजे, एमिल. एक पडला तर त्याच्या मागे दुसरा असायला हवा."

"आणि दुसरा पडला तर?"

"मग जमीन."

एमिल आरशात स्वतःच्या डोक्याकडे बघत होता. सतरा ठिकाणी पांढरं झालेलं डोकं, अर्धं ओलं.

"नुसतं बाकावर बसायचं," लू म्हणाला. "शपथेवर सांगतो. तू कपडे घालून बसलास की त्यांना वाटेल आमच्याकडे आहे कुणीतरी."

"बसतो. पण सामना झाला की तुझी सगळी माणसं हॉलवर आली पाहिजेत. माझ्या पोरीच्या कड्याला."

"कितीजण?"

"उभे राहता येईल तितके."

लूने कात्री उचलली, आणि परत खाली ठेवली. खोटं बोलायचं असलं की तो केस कापत राहतो. थांबला म्हणजे खरं बोलतो.

"जिंकलो तर तू म्हणशील तिथे येतील. नदीत उडी मार म्हणालास तर मारतील. पण हरलो ना, तर माझी माणसं नाचत नाहीत, एमिल. घरी जाऊन बायकोशी भांडतात. त्यांना मी नाही आणू शकत."

"म्हणजे जिंकायला लागेल."

"कोच म्हणून माझी पण तीच योजना आहे."

लीगचा करारनामा टॉवेलांच्या कपाटात होता. एमिलने गळ्यातलं कापड न काढता सही केली. कागदाला चिकटलेले केस लूने फुंकून उडवले. काही त्याचे होते, काही आदल्या गिऱ्हाइकाचे. अशा रीतीने बॅरन्सच्या बचावात खोली आली.

रोक्सॅनला सांगायला लू स्वतः गेला, टोपी हातात घेऊन.

"वहिनी, नुसतं बाकावर."

"लू, त्याला मुलीचा हात धरून चर्चमध्ये चालायचंय. त्याच दिवशी."

"चालेल की."

"कुबड्यांवर?"

"तो मैदानावर पाऊलसुद्धा टाकणार नाही."

रोक्सॅनने एमिलकडे बघितलं. एमिल फ्रिजकडे बघत होता.

"चेहऱ्याला काही झालं तर फोटोत तू नाहीस," ती म्हणाली. "मी तुझ्या भावाला उभा करेन."

"तो कँपवर आहे," एमिल म्हणाला.

सामान कर्ट श्रामचं घ्यायचं ठरलं, कारण एमिलच्या मापाचे खांद्यांचे पॅड गावात त्याच्याकडेच होते. ते महिनाभर कर्टच्या ट्रकमध्ये शिकारीच्या सामानाशेजारी पडले होते. नर हरणाला ओढायला शिकारी लोक मादीचं मूत बाटलीतून नेतात. कर्टच्या बाटलीचं झाकण सैल होतं. एमिलने पॅड चढवले आणि सरावाला उभा राहिला तेव्हा त्याच्या आजूबाजूची पोरं आपोआप लांब झाली.

"हुदाक काका, आज रस्त्यावरून उचलून आणलं वाटतं?"

"उचललेल्याला असा वास येत नाही," एमिल म्हणाला. "तो बरा असतो."

"काका, आमच्या गल्लीतला खड्डा कधी भरणार?"

"एप्रिलमध्ये. तू आधी तुझ्यासमोरची फट भर. त्यातून माझा ट्रक जाईल."

टेव्हिन, उरलेला लाइनबॅकर, गोदामात मालाच्या गाड्या चालवायचा. तो एमिलला 'सर' म्हणायचा. एमिलला त्याची काळजी वाटायला लागली. त्याने टेव्हिनला दोनदा विचारलं, नीट जेवतोस का, आणि एकदा विचारलं, खांदा कसा आहे.

"फर्स्ट क्लास, सर."

"शनिवार संध्याकाळपर्यंत तसाच ठेव."

शनिवारी सकाळी गाव रिकामं. पंपावर पोरगी एकटी. शाळेच्या मैदानावर मी फाटकात तिकीट घेतलेल्यांच्या हातांवर शिक्के मारत होते. आमच्या बाजूचे प्रेक्षक म्हणजे बायका, पाद्री, आणि एलियट. त्याला लिडियाने घरातून हाकललं होतं, नवरीचा पोशाख दिसू नये म्हणून. तो सूटवर जाकीट घालून एकटा बसला होता आणि सामना अगदी लक्ष देऊन बघत होता. फुटबॉल त्याला फारसा कळत नाही. तो नुसतं बघतो, कुणी डोळे तपासायचा तक्ता वाचत असावं तसं.

पोर्ट एलमची बस आली. ओहायोवाले उतरले, आणि उतरतच राहिले. शेवटी हॉलिस उतरला. चेंडू घेऊन पळणारा तो. बेकरीची व्हॅन चालवतो असं नंतर कळलं. पायरीवरून तो उतरला तशी बस थोडी वर आली.

टेव्हिनचा खांदा पहिल्याच भागात निखळला. हॉलिसला त्याने पाडलं खरं, पण उठताना त्याचा हात त्याच्याबरोबर उठला नाही. त्याला बाजूला आणून बसवलं.

"सॉरी, सर."

"जेवला होतास का सकाळी?" एमिलने विचारलं.

"हो, सर."

"मग ठीक आहे."

लूने एमिलकडे बघितलं नाही. तो आकाशाकडे बघत म्हणाला, "एमिल, शपथेचं जरा बाजूला ठेव."

वरच्या रांगेतून रोक्सॅनचा आवाज आला. केसांत रोलर होते, डोक्याला रुमाल. "चेहरा, एमिल."

एमिलने चेहरा सांभाळला. न आवडणारी मावशी पापा घ्यायला आली की पोरं जशी मान वळवतात, तशी मान वळवून तो माणसं पाडत होता. पण पाडत होता. फार पळत नव्हता, कारण पळायची गरज पडू नये अशा जागी तो आधीच उभा असायचा. हॉलिस त्याच्यावर आला, आडवा झाला, आणि उठताना म्हणाला, "काका, हा कसला वास आहे?"

"लग्नाचा," एमिल म्हणाला.

शेवटची काही मिनिटं उरली तेव्हा बॅरन्स चार गुणांनी पुढे होते. पाद्री उभे राहिले होते. मला गुणफलकाकडे बघवत नव्हतं. एमिलही बघत नव्हता. तो पार्किंगकडे बघत होता, कोण कुठे गाडी लावून आहे ते. बहुतेक मनात माणसं मोजत असावा.

मग ओहायोवाले आमच्या गोलरेषेपाशी आले. एकच डाव उरला. चेंडू हॉलिसकडे जाणार हे स्टँडमधल्या तान्ह्या पोरांनाही माहीत होतं. तो मधून आला, एमिल त्याच्या समोर गेला, हॉलिस एमिलच्या उजव्या अंगाला वळला, आणि एमिलचा उजवा गुडघा त्याच्याबरोबर वळायला तयार झाला नाही. एमिलने हात लावला. हॉलिसच्या सदऱ्याची बाही त्याच्या हातात राहिली. बाकीचा हॉलिस रेषेपलीकडे गेला, म्हणजे सहा गुण.

सामना संपला. बॅरन्स हरले.

पोरं शिरस्त्राणं हातात घेऊन पार्किंगकडे चालायला लागली. लू त्यांच्या मागे. "अरे, हॉलवर... जेवण आहे रे," असं तो म्हणाला, पण इतक्या हळू की ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. गाड्यांची दारं लागू लागली. रोक्सॅन खाली आली, एमिलच्या हनुवटीला धरून चेहरा इकडेतिकडे वळवून पाहिला.

"चेहरा ठीक आहे," ती म्हणाली. "पाय?"

"गेला."

"चालता येईल?"

"मला आधी तिकडे जायचंय," एमिल म्हणाला आणि पाय ओढत पोर्ट एलमच्या बसकडे निघाला. हातात ती बाही.

ओहायोवाले बसपाशी एकमेकांना मिठ्या मारत होते. एमिल हॉलिससमोर उभा राहिला आणि बाही पुढे केली.

"ही तुमची."

"ठेवा, काका. आठवण."

"माझ्याकडे घरी एक आहे," एमिल म्हणाला. "संध्याकाळी काय करताय?"

"घरी. दोन तासांचा रस्ता आहे."

"जेवणार कुठे?"

हॉलिसने इतरांकडे बघितलं. हायवेवरच्या कुठल्यातरी दुकानाचं नाव कुणीतरी घेतलं, फार उत्साह न दाखवता.

"माझ्या मुलीचं लग्न आहे," एमिल म्हणाला. "अग्निशमनच्या हॉलमध्ये. कोबीत गुंडाळलेलं मटण आहे, डुकराचं सॉसेज आहे, बिस्किटांचं टेबल भिंतीपासून भिंतीपर्यंत आहे. दीडशे माणसांचं केलंय आणि येणार चाळीस बायका. व्हिस्की आहे. फक्त शेवटी एक काम करायचं. नवरा आत येऊ लागला की त्याला येऊ द्यायचं नाही."

"किती वेळ?"

"जमेल तितका."

"नवरा कोण आहे?"

एमिलने स्टँडकडे बोट दाखवलं. एलियट जाकिटाची चेन लावत होता. हॉलिसने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काका, हे बरोबर नाही वाटत."

"तिला तसंच पाहिजे."

"मग येतो," हॉलिस म्हणाला.

ही बातमी पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला पोचायला फार वेळ लागला नाही. बॅरन्समधल्या एकाने गाडीची काच खाली केली.

"काय चाललंय, लू? ओहायोवाले कुठे चाललेत?"

"हुदाकच्या पोरीच्या कड्याला."

"आपल्या पोरीचं कडं ओहायोवाले धरणार?"

"एमिलने बोलावलंय."

"आणि आपण?"

"आपण हरलो ना," लू म्हणाला. "आपण घरी जाऊन भांडणार." आता तो केस कापत नव्हता, म्हणजे खरंच बोलत असावा, पण माझा अजून विश्वास नाही.

गाडीतल्याने इंजिन बंद केलं. म्हणाला, मला आधी आंघोळ करावी लागेल.

एमिलनेही केली, तीनदा. वास गेला नाही. चर्चमध्ये लिडियाने त्याचा हात धरला, दोन पावलं टाकली आणि ओठ न हलवता म्हणाली, "डॅड, हे काय आहे?"

"हरीण."

"आज? माझ्या लग्नात?"

"मादी आहे," एमिल म्हणाला. "चालत राहा. थांबलो तर मला परत सुरू होता येणार नाही."

ते सावकाश चालले. त्यामुळे ते फार गंभीर आणि सुंदर दिसलं, असं नंतर सगळ्या बायका म्हणाल्या. रोक्सॅननेही कुणाला खरं सांगितलं नाही.

हॉलमध्ये सहानंतर एका दारातून ओहायो आला आणि दुसऱ्या दारातून बॅरन्स. दोन्ही संघांनी एकमेकांना न बघता बिस्किटांच्या टेबलाच्या दोन टोकांना सुरुवात केली आणि मधोमध लिंबाच्या बिस्किटांपाशी भेटले. तिथे थोडी बाचाबाची झाली. टेव्हिनचा हात गळ्यात बांधलेला होता. हॉलिसने त्याला ताट वाढून दिलं. बर्निस भिंतीला टेकून उभी होती. म्हणाली, "या शनिवारी हा हॉल भरलेला मी पहिल्यांदा बघतेय."

मग अकॉर्डियन सुरू झालं. लिडिया मावश्यांबरोबर नाचली, टेव्हिनच्या एका हाताबरोबर नाचली, लूबरोबर नाचली, हॉलिसबरोबर नाचली तेव्हा तिचे पाय जमिनीला लागले नाहीत. शेवटी कडं झालं. आतून बॅरन्सची एक रांग, बाहेरून ओहायोची, कारण कोण जास्त घट्ट धरतं यावर त्यांचं आधीच वाजलं होतं. एमिल बाहेरच्या रांगेत, हॉलिसच्या शेजारी. रोक्सॅनने खुर्ची आणून दिली होती. ती त्याने मागे सारली.

एलियटने कोट काढला, घडी करून आईकडे दिला. चष्मा काढला नाही. पहिल्यांदा तो सरळ गेला आणि सरळ परत आला. दुसऱ्यांदा खालून शिरायला बघत होता. कुणीतरी त्याला कॉलरला धरून उभं केलं आणि माफी मागितली. तिसऱ्यांदा एलियटने माफी मागितली. आतून लिडियाचा आवाज आला, "एलियट, दमलास का?"

"थोडासा."

"घाम आला?"

"हो."

"छान. अजून प्रयत्न कर."

अकॉर्डियनवाला तेच कडवं पुन्हा पुन्हा वाजवत होता आणि लूकडे बघत होता. एलियट कड्याभोवती फिरायला लागला. हळूहळू, हात मागे. प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे नव्हे, पायांकडे बघत. पूर्ण एक फेरी मारून तो एमिलसमोर थांबला. सासरा-जावई एकमेकांकडे बघत राहिले. एमिलने मान वळवली नाही. आता फोटो काढून झाले होते.

एलियट त्याच्या डाव्या अंगाला निघाला, एमिल तिकडे झुकला, आणि एलियट उजवीकडे गेला. एमिलचा गुडघा जागच्या जागी राहिला. हॉलिसने हात घातला, त्याला शर्टाची बाही मिळाली. आतली रांग बॅरन्सची होती. त्यांनी हे दुपारी एकदा पाहिलं होतं, आणि ते या वेळीही बघतच राहिले. लिडियाला उचलून एलियट बाहेर आला तेव्हा त्याचा एक हात उघडा होता आणि चष्मा जागेवर.

एमिल खुर्चीवर बसला. एलियट त्याच्यासमोर येऊन उभा राहिला, लिडिया अजून हातात.

"माफ करा, मिस्टर हुदाक. तुम्ही उजव्या पायावर वजन देत नाही. दुपारी दिसलं होतं मला."

"दुपारी पण हॉलिस तिकडूनच गेला," एमिल म्हणाला.

"हो. म्हणूनच."

एमिलने थोडा विचार केला. हॉलिसच्या हातातून ती बाही घेतली, नीट घडी केली आणि लिडियाच्या हातात दिली.

"ठेव," तो म्हणाला. "कपाटात."

लिडियाने बाही घेतली. खाली वाकायचा तिने प्रयत्न केला, पण ती उचललेली होती. "डॅड," ती म्हणाली, "आज तू खूप छान केलंस." आणि या वेळी तिने ते बालवाडीसारखं म्हटलं नाही.

लू ताटलीत बिस्किटं घेऊन शेजारी येऊन उभा होता. तो एलियटच्या पायांकडे बघत होता, मग खांद्यांकडे, मग परत पायांकडे.

"बाळा," त्याने विचारलं, "तू शिकारीला जातोस का?"

"नाही सर," एलियट म्हणाला. "कधीच नाही."

"लू," बिस्किटांच्या टेबलामागून रोक्सॅन म्हणाली, "त्याच्यापासून लांब हो."